नानांचं लाल फडकं

रविवारी सकाळी पुण्याच्या गाड्या माळावर यायला लागल्या की नाना खांद्यावरचं लाल फडकं झटकायचे आणि आमच्या दोन ग्लायडरांपैकी एकाच्या नाकाला बांधून टाकायचे. फडकं बांधलं की ते विमान त्या दिवशी जमिनीवरच. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असे : "खटका बरुबर सुटंना. सोमवारी बघू." आमचा क्लब भरायचा शनिवार-रविवार. त्यामुळे सोमवारी नाना नेमकं काय बघत, हे बघायला कुणीच नसे.

वेल्ह्याच्या रस्त्याला, समोर तोरणा दिसतो अशा गावकीच्या माळावर हा क्लब होता. दोन ग्लायडर, एक विंच, एक म्हातारी जीप आणि या सगळ्याला पुरून उरतील इतके पदाधिकारी. ग्लायडरला इंजिन नसतं. माळाच्या टोकाला ट्रकच्या जुन्या इंजिनावर चालणारं विंच असे. ते पोलादी दोर भराभर गुंडाळी आणि दोराला अडकवलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढे. वर पोचलं की खटका ओढून दोर सोडायचा. धावपट्टीवरचं गवत कापायला यंत्र घ्यावं असा ठराव दरवर्षी व्हायचा आणि गवत धनगरांची मेंढरं खायची. सभासद येताना टोप्या, काळे चष्मे, दुर्बिणी घेऊन यायचे, अर्धा दिवस ढगांकडे बघायचे आणि दुपारी पानशेतला पिठलं-भाकरी खाता खाता उड्डाणाच्या गप्पा मारायचे. माझं नसरापूरला हार्डवेअरचं दुकान. विंचचे नट-बोल्ट माझ्याकडून जात, म्हणून मलाही सभासद करून घेतलं होतं.

नाना मूळचे वेल्ह्याचे, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. विमानं, विंच, दोर, जीप सगळं त्यांच्या ताब्यात. नम्रपणा हा गुण त्यांच्या वाटेला फारसा आला नव्हता. शेडमध्ये आम्ही चपला काढून जायचो. पंखाला कुणी टेकलं की लगेच, "हात नगा लावू, घाम लागतो." विमान या वस्तूबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "येष्टीला निदान कडंला घेऊन थांबता तरी येतं," असं ते अध्यक्षांच्या तोंडावर म्हणत. अध्यक्ष हसत. नानांसारखा माणूस त्या पगारात दुसरा मिळणार नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

क्लब काढणाऱ्या जुन्या साहेबांनी एक नियम घालून दिला होता. ज्याच्या हातून दुरुस्ती झाली, त्यानं त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. नाना कधीच बसले नाहीत. कधी गुडघा धरलेला, कधी उपास, कधी भावकीतलं लग्न. साहेबांच्या ते लक्षात आलं असणार, कारण नानांच्या जागी ते स्वतःच मुकाट्यानं बसत. साहेब वारले, नानांच्या जागी बसणारं कुणी उरलं नाही आणि फडक्याचं काम वाढलं. पुढं पुढं दोन्ही विमानांच्या नाकाला फडकी दिसू लागली आणि आम्ही पिठलं-भाकरी खायला लवकर पोचू लागलो.

एके दिवशी सरपंचबाई माळावर आल्या. त्यांनी दोन्ही फडकी बघितली आणि अध्यक्षांना सरळच विचारलं, "इमान उडत न्हाई, तर माळ कशापायी अडवलाय? मेंढरांला तरी मोकळा करा." अध्यक्षांनी हवाई क्रीडेच्या परंपरेवर बरंच काही सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी गाव बघायला येईल, उडालं तर माळ तुमचा, असं सांगून त्या निघून गेल्या.

तो आठवडाभर नाना शेडमधून हलले नाहीत. एकेक बोल्ट खोलून पुन्हा बसवला. सगळा दोर चिंधीतून सरकवत नेला, कुठं तुटकी तार चिंधीला अडकते का ते बघत. मी वॉशर घेऊन गेलो तर माझ्याकडे बघितलंही नाही. रविवारी गाव जमलं. नानांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. विंच गरजलं, दोर ताणला, आणि तोरण्यावरच्या मेंगाईदेवीचं नाव घेत नाना वर गेले.

खाली आल्यावर ते उतरले आणि तिथंच गवतात बसले. गावानं टाळ्या वाजवल्या. वरून काय दिसलं, असं सरपंचबाईंनी विचारलं.

"काय बी न्हाई. डोळं मिटलं व्हतं."

टोपी परत देताना मी म्हटलं, नाना, इतकी भीती वाटते तर हे काम धरलंत कशाला? नानांनी टोपी नीट डोक्यावर बसवली.

"भ्या वाटतं म्हनून तर म्या खटका चारदा बघतो. तुमाला वाटत न्हाई. तुमी ढग बघता."

त्यानंतर मात्र ते प्रत्येक दुरुस्तीनंतर बसले. दर वेळी तसेच पांढरेफटक पडून, डोळे मिटून. फडकं कमी झालं, पण गेलं नाही. मन खाऊ लागलं की विमान थांबलंच. एव्हाना फार्महाऊसवाल्यांना पैसे घेऊन फिरवून आणायची टूम निघाली होती, आणि गिऱ्हाईक दारात असताना नाकाला फडकं बघून अध्यक्षांचा जीव वर-खाली होई.

त्यावर त्यांनी मोठा गोड उपाय काढला. वर्धापनदिनाला नानांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. मग ठराव वाचला : नानांच्या वयाचा मान राखून मागच्या सीटचा नियम रद्द करण्यात येत आहे, यापुढे त्यांनी खालूनच 'ठीक आहे' म्हणावं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. नानांनी शाल काढून घडी घातली.

"मंग आता भ्यायाचं कुनी?"

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी शेडच्या किल्ल्या श्रीफळाशेजारी ठेवल्या आणि एसटी पकडायला रस्त्यावर गेले.

पुढच्या शनिवारी अध्यक्षांनी जातीनं विमान तपासलं आणि उत्तम आहे असं जाहीर केलं. पहिल्या उड्डाणाचा मान त्यांनी उपाध्यक्षांना देऊ केला. उपाध्यक्षांनी तो सुरक्षा समितीकडे सोपवला. सुरक्षा समितीची कंबर त्याच सकाळी धरली होती. ऊन चढलं, गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली आणि शेवटी आम्ही सगळे गाड्यांत बसून वेल्ह्याला गेलो.

नाना दारात कुणाचा तरी पंप खोलून बसले होते. अध्यक्षांनी ठराव मागं घेतल्याचं सांगितलं. नाना म्हणाले, आता नजर साथ देत नाही, एकाला शिकवतो, पण जो शिकेल तोच मागं बसेल. सगळ्या समितीनं वळून माझ्याकडे बघितलं. हार्डवेअरचं दुकान असल्याचा असा तोटा होतो.

मी शिकलो. आता फडकं माझ्या खांद्यावर असतं आणि सभासद माझ्या नावानं कुरकुरतात. मागं बसलो की मला खरंच भीती वाटते आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. त्या रविवारी सकाळी मी दोन्ही विमानांच्या नाकाला फडकं बांधलं. पुण्याच्या गाड्या आल्या, सगळे उतरले आणि टोप्या हातात घेऊन उभे राहिले. कुठं काय बिघडलंय हे कुणीच विचारलं नाही. मग अध्यक्ष जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सोमवारी बघू."