बाजारातला भूगोल

बिभीषण सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. मी तिथेच ग्रंथालयात कारकून होतो. त्यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवे होते. कुणी लिहिले नाही, म्हणून जमेल तसे मीच लिहितो आहे.

कॉलेज नांदूरघाटच्या अलीकडे, एका गावाच्या कडेला. गुरुवारी गावचा बाजार. त्या दिवशी पोरे आईबापांबरोबर बाजारात जायची आणि वर्ग ओस पडायचे. बाकीचे प्राध्यापक चहा पीत बसत. बिभीषण सर मात्र वर्ग बाजारातच भरवत. स्वतः लिंबाखाली उभे राहत. कोण कुठल्या गावाहून आला, काय घेऊन आला, बैलगाडीने की टमटमने, हे पोरांनी विचारत फिरायचे आणि नकाशात भरायचे. प्राचार्य राजेश्वर सरांना याची लाज वाटे. "अहो, हे कॉलेज आहे की जत्रा?" असे ते म्हणत.

२००३ च्या सुमाराला पेपरात जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी छापून आली. प्राचार्यांनी ते कात्रण फळ्यावर लावले.

"आपल्या देशाची नावं बघा, बोटावर मोजण्याइतकी! आपणही वर गेलं पाहिजे."

"जगाचं राहू द्या सर," बिभीषण सर म्हणाले, "आधी केज तालुक्यात तरी वर जाऊ."

सगळे हसले. प्राचार्य हसले नाहीत.

पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजला श्रेणी द्यायला बाहेरची समिती येणार असे ठरले. प्राचार्यांनी बिभीषण सरांना बोलावून सांगितले, "हल्ली गुण संगणकाला मिळतात. समितीला तुमचा वर्ग भरलेला दिसला तर ठीक. नाहीतर जूनपासून भूगोल बंद, आणि खोली संगणकाला." सर बाहेर आले ते चहाला न थांबता घरी गेले.

समितीची तारीख वरून ठरून आली. नेमका गुरुवार! सर पोरांच्या घरोघर फिरले. पोरे मान हलवायची आणि म्हणायची, "पर सर, गुरुवार हाय की."

त्या दिवशी बाकीच्या वर्गांत शेजारच्या हायस्कुलातली पोरे मोठ्या भावांच्या पँटी घालून बसवली होती. बिभीषण सरांना तसे जमेना. "आठवीतलं पोरगं बी. ए.ला बसवू कावून?" म्हणाले. त्यामुळे समिती आली तेव्हा त्यांच्या वर्गात ते एकटेच होते.

"विद्यार्थी कुठे आहेत?" समितीच्या प्रमुखांनी विचारले. माणूस नागपूरकडचा, पांढऱ्या केसांचा.

प्राचार्य म्हणाले, "साथ आली आहे, साहेब, तापाची..."

"बाजारात हायेत, साहेब," बिभीषण सर म्हणाले. "गुरुवारी वर्ग तिथंच असतो. चला, दाखवतो."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. मीही मागोमाग निघालो. लिंबापर्यंत पोचायच्या आतच दुसऱ्या वर्षातल्या सायलीने प्रमुखांना अडवले. तिच्या हातात कागद होता.

"थांबा काका. कोन्या गावचे?"

"नागपूर."

"काय इकायला आनलंय?"

"काहीच नाही."

"मंग काय घ्यायला आलाव?"

"घ्यायलाही काही नाही."

सायलीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "मंग इतक्या लांबून आलाव कावून?"

"कॉलेज बघायला."

"त्ये मागं ऱ्हायलं. पर आज तिथं कोनी नसतंय."

प्रमुख इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग ते लिंबाखाली बसले आणि नकाशा मांडीवर घेतला. नागपूर काही कागदावर मावत नव्हते. सायलीने कडेला एक बाण काढून दिला. तिथेच पेरू विकायला बसणाऱ्या भिवराबाईने आपल्या पाटीतले पेरू समितीच्या हातात ठेवले. समिती तासभर हलली नाही.

श्रेणी आली ती बेताचीच. पण अहवालात एक ओळ होती, बाजारातला वर्ग वाखाणण्याजोगा असल्याची. भूगोल वाचला, खोलीही वाचली.

प्राचार्यांनी मात्र ती ओळ फार मनावर घेतली. त्यांनी हुकूम काढला की गुरुवारी सगळ्या विषयांचे वर्ग बाजारातच भरतील. रसायनशास्त्राचे सर काचेच्या नळ्या घेऊन कांद्याच्या ढिगाशी उभे राहिले. वाणिज्यवाले भिवराबाईच्या पुढ्यातच बसले.

"ओ मास्तर, गिऱ्हाइकाला वाट तर द्या!" ती ओरडली.

लिंबाखाली इंग्रजीचा वर्ग होता. बिभीषण सरांनी थोडा वेळ जागा शोधली. मग पोरांना हाक मारली आणि सगळ्यांना घेऊन हसत हसत नदीकडे निघाले.