वेगळी प्लेट

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, बहिणीच्या नाही. थेरपिस्टकडे जायचे तेव्हा तिच्यासमोर बसून ऑफिसच्या स्ट्रेसबद्दल बोलत राहिले आणि वेळ मारून नेली. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? तसंही नाही — तुमच्यातले काही जण मला चांगलेच ओळखतात. त्यांनी जरा सावरून बसावं.

एक आधीच सांगून टाकते. मी इथे रडायला आलेली नाही, आणि 'बिचारी, तिची तरी काय चूक, समाजच असा' असं कुणी म्हणायला लागलं तर मला राग येईल. समाज कसा आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी टेबलाशी मी बसले होते, समाज नाही.

मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला राहते, एका डेटा सेंटरमध्ये काम करते. मूळची नागपूरची. आमचं आडनाव गावावरून आलेलं, 'कर'नं संपणारं. त्यावरून काही कळत नाही, आणि न कळण्याचा मी भरपूर फायदा घेतला. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, दारात आलेला माणूस जयभीम म्हणूनच आत यायचा. पण अ‍ॅशबर्नला आल्यावर पहिल्याच हळदीकुंकवाला समीर नावाच्या एका ओळखीच्याच्या आईंनी — आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो — मला विचारलं, "तुमच्याकडे महालक्ष्म्या उभ्याच्या की खड्यांच्या?" जात विचारायची ही किती सभ्य पद्धत, नाही? कुणी कुणाचा अपमान केला असं म्हणताच येत नाही. मी क्षणभरही न अडखळता म्हटलं, "उभ्याच्या." शाळेतल्या एका मैत्रिणीकडे पाहिल्या होत्या — लांबून. काकूंचा चेहरा खुलला. मी पास झाले.

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं असतं. समीर, त्याची बायको अनघा, वर्षातले सहा महिने इथे राहणाऱ्या काकू आणि आणखी एक जोडपं, असा आमचा ग्रुप जमला. चांगली माणसं, हेही सांगते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा अनघा आठवडाभर डबा देत होती. वाईट माणसांशी खोटं बोलणं परवडतं. चांगल्यांशी बोललेलं खोटं रोज नव्यानं सांभाळावं लागतं.

आता एका इथिओपियन रेस्टॉरंटबद्दल सांगते. आमच्या भागात अशी पुष्कळ आहेत. मला पहिल्यांदा तिथे नेलं ते ऑफिसातल्या एका इथिओपियन सहकाऱ्यानं. समोर एक भलंमोठं गोल ताट आलं. त्यावर आंबोळीसारखा, पण टेबलभर पसरलेला इंजेरा, आणि त्याच्यावर मसूर, पालेभाजी, पिठल्यासारखा शिरो असे ढीग मांडलेले. सगळ्यांनी त्याच ताटातून, हातानं तुकडा तोडून खायचं. वेगळ्या प्लेटा नाहीतच. माझा हात तुकडा घेऊन तसाच थांबला. मी शाळेत होते तेव्हा ज्या मैत्रिणीकडे महालक्ष्म्या पाहिल्या, तिच्या घरी मला पाणी वरून ओतून मिळायचं. आणि इथे पाच देशांची माणसं एका ताटात हात घालत होती आणि बास्केटबॉलवर वाद घालत होती. मग त्या सहकाऱ्यानं एक मोठा घास गुंडाळला आणि थेट माझ्या तोंडापुढे धरला. याला ते गुर्शा म्हणतात. आपल्या माणसाला आपल्या हातानं भरवायचं; घास जेवढा मोठा तेवढी माया. नको म्हणायचं नसतं, तो अपमान. मी तोंड उघडलं. त्या दिवशी गाडीत बसून मी खूप वेळ हसत होते, आनंदानं.

आणि मग — हे कबूल करायला मला जराही लाज वाटत नाही — मी ग्रुपला मुद्दाम तिथे घेऊन गेले. काकू आधी कां-कू करत होत्या. एकाच ताटात, उष्टं-खरकटं होणार. मग त्यांना कळलं की इथल्या लोकांच्या उपासाच्या ताटात मांस, अंडं, दूध काहीच नसतं. म्हणून पुढच्या चतुर्थीला त्यांनी मोठ्या भक्तीनं 'फास्टिंग प्लॅटर' मागवला, आणि त्यात कांदा-लसणाची डाळ पाहून रेस्टॉरंटच्या मालकिणीवर, अल्माझवर, रुसल्या. पण चव लागली होती. "सगळी आपलीच तर माणसं आहेत," असं म्हणून त्यांनी ताटात हात घातला. तेव्हापासून काकू इथे असल्या की आम्ही जवळजवळ दर महिन्याला जायचो. मी त्यांच्या बोटांकडे बघत बसायचे. मी जिथून तुकडा तोडला त्याच्या शेजारूनच त्या तोडत. खा काकू, पोटभर खा, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. मला त्याची फार मजा वाटायची. अजून वाटते.

मग मित्रा आली.

संघमित्रा तिचं नाव. नागपूरचीच, मास्टर्स संपवून इथे नोकरीला लागलेली. तिची आई आणि माझी आई एकाच विहारात जातात. तिला माझा नंबर आईनंच दिला होता. फोनवर ती पहिलं वाक्य बोलली ते "ताई, जयभीम." मी तिला अपार्टमेंट शोधायला मदत केली, क्रेडिट स्कोअर समजावला, फोनवर तासन्‌तास बोलले. भेटायचं मात्र टाळत राहिले. बिझी आहे, ट्रॅव्हल आहे, नेक्स्ट वीक नक्की. ती समजूतदारपणे बरं म्हणायची.

पण अ‍ॅशबर्न केवढंसं आहे? तिची नोकरी समीरच्याच ऑफिसात निघाली, आणि एका शनिवारी तो तिला थेट आमच्या त्या टेबलापाशी घेऊन आला. "ही मित्रा, आमच्या टीममध्ये नवीन. नागपूर यार, तुझ्याच गावची!" मित्रानं मला फोटोवरून ओळखलं, तिचा चेहरा उजळला. तिनं तोंड उघडलं — आणि मी घाईघाईनं हात पुढे केला. "हाय. नाइस टू मीट यू."

मग तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "सेम हिअर." ताई म्हणाली नाही. तिला एका क्षणात सगळं कळलं, आणि तिनं मला सांभाळून घेतलं. माझ्यापेक्षा वयानं किती लहान पोर!

हीच का ती चूक, असं वाटलं असेल तुम्हाला. नाही. एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसलेच नसते.

ताट आलं. सगळ्यांनी सुरुवात केली. काकूंनी नव्या मुलीला तोच प्रश्न विचारला, त्याच गोड आवाजात — उभ्याच्या की खड्यांच्या? मित्रा हसून म्हणाली, "आमच्याकडे नसतात काकू, आम्ही बौद्ध." कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी इतकं सहज. मला तिचा हेवा वाटला. भयंकर हेवा वाटला, आणि त्याच वेळी तिचा रागही आला — काय गरज होती? मी इतकी वर्षं जे जिवापाड लपवलं ते हिला असं जाता-जाता बोलून टाकता येतं?

"हो का, छान," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी हात पुसला. "अनघा, मला जरा वेगळी प्लेट मागव गं. पोट बरं नाहीये." अनघानं मान खाली घालून दोन प्लेटा मागवल्या, तिचा घसा धरला होता म्हणे. मग त्या दुसऱ्या जोडप्यानंही मागवल्या. समीर फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला तो बाहेरच राहिला. अल्माझ प्लेटा ठेवताना काळजीनं म्हणाली, "हू इज सिक?" तिच्याकडे वेगळी प्लेट फक्त आजारी माणूस मागतो.

त्या मोठ्या ताटाशी मित्रा आणि मी, दोघीच उरलो. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते, किंवा बघत नसतीलही, मला तसं वाटलं. मी काय करायचं होतं? काहीच नाही. नुसतं जेवत राहायचं होतं. जयभीम म्हणायचं नव्हतं, भाषण द्यायचं नव्हतं. हात जिथे होता तिथे ठेवायचा होता.

मी अल्माझला म्हटलं, "वन फॉर मी टू. आय हॅव अ कोल्ड."

तेव्हा मित्रानं काय केलं सांगू? तिची रूममेट इथिओपियन. तिला सगळे रिवाज माहीत होते. तिनं इंजेऱ्याचा मोठा तुकडा तोडला, त्यात मसूर भरला, नीट गुंडाळला आणि टेबलावरून हात लांब करून तो घास माझ्या तोंडाजवळ आणला. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती मला परत बोलावत होती. एवढं होऊनही, दार उघडं आहे म्हणून सांगत होती.

मी तोंड फिरवलं.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो मागे घेतला, घास स्वतः खाल्ला, आणि त्या एवढ्या मोठ्या ताटातलं एकटीनं, सावकाश जेवली. कॉफी येईपर्यंत थांबली, सगळ्यांना गुडनाइट म्हणाली आणि गेली.

अजून एक राहिलंय, आणि खरं सांगायचं तर तेच सांगायला मी इतकी फिरून आले. पार्किंगमध्ये काकूंनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "तुला बरं न सांगता कळलं. शेवटी आपल्यातली ती आपल्यातलीच." आणि मला — ऐका, आता काही सोडत नाही — मला बरं वाटलं. शरम वगैरे नंतर, घरी. पण त्या क्षणी त्या हाताच्या उबेत मला इतकं बरं वाटलं, की माझ्या आईच्या हातानंसुद्धा कधी वाटलं नसेल. त्या पोरीचं मोल देऊन मी ती ऊब घेतली.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. समीरनं मित्राला बोलावलं नाही, कुणी विचारलंही नाही. मोठं ताट आलं. काकूंचं पोट बरं झालं होतं.

तर काकू, अनघा, समीर — तुम्ही हे वाचाल. आता तुम्हाला कळलंय की मी कोण. काकू, तुमच्या पंच्याहत्तरीला तिथेच मी माझ्या हातानं तुम्हाला घास भरवला होता, आणि तुम्ही डोळे मिटून तो खाल्लात. आणखी एक मागितलात. इतकी वर्षं माझ्या ताटात जेवलात, त्याचं आता काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी गाव सोडून जाणार नाहीये. ग्रोसरीत समोर आलात तर मान खाली घालणार नाही. तुमच्यासमोर मला लाज वाटत नाही. माझी लाज तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

ती दुसरीकडे आहे. मित्रा आता टेक्ससमध्ये असते. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईला तर नाहीच, कारण आई अजून फोनवर विचारते, ती पोरगी भेटते का गं, तिच्याकडे लक्ष ठेव. मी हो म्हणते. मित्राचा नंबर माझ्याकडे आहे. मी सॉरी म्हटलं तर ती "जाऊ द्या ना ताई" म्हणेल, तिचा स्वभावच तसा आहे. आणि तेवढ्यानं मला हलकं वाटेल.

म्हणून मी तिला फोन करणार नाही.