लख्ख घासलेला दगड

न्हाणीघरात अ‍ॅसिड ओतलं की मला नवापूरजवळच्या टेकडीवरचं ख्रिस्ती कब्रस्तान आठवतं. आपल्या विलायती खानदानाची वंशावळ जुळवत एक म्हातारी बाई तिथे येणार होती; आजोबांच्या, तिथेच तान्हेपणी पुरलेल्या बहिणीचं नाव तेवढं तिला सापडत नव्हतं. पाहुणी येतेय म्हणून मी, गावचा हौशी मास्तर, तिथल्या एकुलत्या चिमुकल्या कबरीवरचा काळवंडलेला संगमरवर आदल्या दिवशी अ‍ॅसिडने घासून लख्ख केला. राखणदार म्हणाला, "सर, दगड मस्त चमकना, पन नाव कोठे गयं?" दुसऱ्या दिवशी बाई गुडघे टेकून कोऱ्या दगडावरून बोटं फिरवत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "घासण्याआधी तुम्ही वाचलं असेल ना?" मी वाचलं नव्हतं. तिच्या वंशावळीच्या कागदावरची ती चौकट अजून रिकामीच असेल. आमचं न्हाणीघर मात्र चकाचक असतं.