कवळीमास्तर आणि बिनआवाजाचा कॉम्प्युटर

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत कवळीमास्तर दात करतात. गावात दात काढणारे डॉक्टर तीन, पण तिघांनाही कवळ्या करून देणारे हे एकटे. डॉक्टरांकडून डब्यात घालून प्लास्टरचे जबडे येतात. मास्तर त्यांच्यावर मेणाच्या हिरड्या चढवतात, एकेक दात बसवतात आणि आठवड्याभरात गुळगुळीत कवळी परत जाते. ती ज्याच्या तोंडात जायची, तो माणूस बहुतेक वेळा मास्तरांच्या नजरेसही पडत नाही. तरी जबडा हातात घेतला की ते सांगायचे, "हा गृहस्थ रागीट आहे, पण घरी चालत नाही त्याचं." किंवा, "या बाईंनी आयुष्यभर ओठ मिटून ऐकून घेतलंय." आणि गंमत म्हणजे ते बरोबर निघायचं.

कवळी तयार झाली की ती पॉलिशच्या चाकावर धरावी लागते. जाड भाग आला की मोटरचा आवाज खाली उतरतो, पातळ भाग आला की वर चढतो. इतरांना त्यात निव्वळ घरघर ऐकू येते. मास्तरांना चाल सुचायची. मग हात पुसून ते खुंटीवरचा क्लॅरिनेट काढायचे, मामांनी दिलेला, आणि चाल वाजवून बघायचे. बसली की तिला नाव मिळायचं: 'पोस्टमास्तरांची खालची', 'दुधवाल्याच्या आईची वरची'. अशा त्रेपन्न चाली झाल्या होत्या. त्या ऐकणारे आम्ही दोघंतिघं शेजारी आणि मास्तरांची पत्नी, जी पलीकडच्या खोलीत लोकांचे पडदे शिवायची.

मुलगी परगावी नर्स होती. ती चार दिवसांच्या रजेवर आली, खाटेवर पडून दोन चाली ऐकल्या आणि म्हणाली, "बाबा, या रेकॉर्ड करून ठेवा. एक कॉम्प्युटर घ्या, एक माइक घ्या. घरी बसून होतं सगळं."

"घरी?" मास्तर म्हणाले.

"घरी. आणि तोवर फोनवर करा."

"फोनवर लोक सामानाची यादी बोलतात," मास्तर म्हणाले. "करायचं तर नीट करायचं."

हे 'नीट' तिथं शिरलं आणि मग दोन वर्षं हललं नाही.

पत्नी कामसू बाई. तिनं त्याच आठवड्यात अडगळीची खोली रिकामी केली, उरलेल्या जाड कापडाचे दुहेरी अस्तराचे पडदे शिवून चारी भिंतींना लावले आणि सांगितलं, "अहो, खोली झाली. बाहेरची चिमणीसुद्धा ऐकू येत नाही. आणा आता तुमचं यंत्र."

मास्तर यंत्र आणायला निघाले. आधी सभांना लाउडस्पीकर लावणाऱ्या साउंडवाल्याकडे गेले, कारण आवाजाचा धंदा करणारा माणूस तोच. साउंडवाल्यानं डोळे बारीक करून विचारलं, "ट्रॅक किती लावणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकावर एक किती वाद्यं?"

"एकच. क्लॅरिनेट."

"आज एक म्हणता. उद्या ऑर्केस्ट्रा करावासा वाटला तर? रॅम सोळाच्या खाली जाऊ नका. बत्तीस असेल तर निवांत झोपाल."

मास्तर तोपर्यंत निवांतच झोपत होते. त्या दिवसापासून झोप उडाली. त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क, स्क्रीन, वजन असं लिहायला सुरुवात केली. शेवटचा रकाना पंख्याचा. तो त्यांनी लाल शाईनं आखला. कॉम्प्युटर तापला की आतला पंखा फिरतो, आणि पंखा फिरला की माइक तो आवाज पकडतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दिवसभर मोटरशी कान जुळवणारा माणूस. त्याला हे वाक्य वाचायला मिळायलाच नको होतं.

मग दुकानं सुरू झाली. मास्तर दुकानात शिरायचे आणि पहिली मागणी करायचे, "जरा ते गाणं बंद करता का? आणि एसीसुद्धा." मग मांडलेल्या लॅपटॉपना एकेक करून कान लावायचे. डोळे मिटलेले, एक बोट वर केलेलं. एका दुकानातला विक्रेता शेवटी म्हणाला, "काका, पेशंट जिवंत आहे."

"जिवंत आहे, पण दम लागतोय," मास्तर म्हणाले आणि वहीत फुली मारली.

इंटरनेटवर त्यांना आपल्यासारखेच शेकडो सापडले. कुणी म्हणायचा अमुक घ्या, दुसरा लिहायचा की अमुक घेणाऱ्याला संगीतातलं काही कळत नाही, तिसरा दोघांची अक्कल काढायचा. मास्तर सगळ्यांचं टिपून घ्यायचे. महिना-दोन महिन्यांनी कुठल्यातरी एका मॉडेलवर मन बसायचंच, पण नेमकी तेव्हाच बातमी यायची की पुढचं मॉडेल येतंय. "आता घेणं म्हणजे मूर्खपणा," ते सांगायचे, आणि आम्हालाही ते पटायचं. मूर्खपणा कुणाला हवा असतो?

या अभ्यासाचा गावाला फार फायदा झाला. ज्याला कॉम्प्युटर घ्यायचा तो आधी मास्तरांकडे. दातांच्या एका डॉक्टरांनी घेतला, विमा एजंटनं घेतला, मी घेतला, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी घेतला. मास्तर जबडा बाजूला सारून तासतासभर समजावायचे. बाईंचा किस्सा तर असा, की मास्तरांनी त्यांना वहीतले सोळा पर्याय समजावले आणि सतराव्यावर आले तेव्हा फुली दाखवून म्हणाले, "हा मात्र नको. पंखा वाजतो."

"महाग आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, तसा स्वस्त आहे."

बाई थेट दुकानात गेल्या आणि सतरावा घेऊन आल्या. परदेशातल्या नातवाला गोष्टी वाचून पाठवायच्या होत्या, तेवढंच काम. पंधरा दिवसांत त्यांच्या चाळीस गोष्टी रेकॉर्ड झाल्या. मास्तर एकदा त्यांच्याकडे तो पंखा ऐकायला म्हणून गेले. कान लावून बराच वेळ बसले.

"क्लॅरिनेट आणलाय का? वाजवा ना," बाई म्हणाल्या.

"छे, मी फक्त ऐकायला आलोय."

"मास्तर, तुमच्या वाद्यातून एका वेळी सूर किती निघतात?"

"एकच."

"मग त्या एका सुराला सोळा पर्याय कशाला लागतात हो?"

मास्तरांनी याचं उत्तर चांगलं वीस मिनिटं दिलं. बाई शिक्षिका होत्या, त्यांनी ते संपेपर्यंत ऐकून घेतलं.

या सगळ्यात खोली पडद्यांसकट रिकामी होती. चालीही वाढेनाशा झाल्या होत्या. मास्तर कवळी चाकावर धरायचे तेव्हा कानात मोबाइलची वायर असायची आणि त्यातून कुणीतरी दोन प्रोसेसरांची तुलना करत असायचं. पत्नीनं एकदाच विचारलं, "अहो, हल्ली वाजवत नाही?" ते म्हणाले, "अगं, आता एकदम रेकॉर्डिंगलाच वाजवीन. उगाच वाया का घालवायचं?"

शेवटी असं एक मॉडेल बाजारात आलं ज्याला पंखाच नव्हता. मास्तर दुकान उघडायच्या आधी दाराशी हजर. तो लॅपटॉप काचेच्या बुटक्या टेबलावर मांडला होता. पंखा नाही म्हटल्यावर ऐकायचं काहीच नव्हतं. पण सवय! मास्तर गुडघ्यांवर बसले, वाकले आणि डोळे मिटून कान लावला. विक्रेत्याला ते दिसलेच नाहीत. त्यानं टेबलाखालचा खण जोरात ओढला. मास्तर दचकून पुढे गेले आणि टेबलाची कड सरळ वरच्या ओठाखाली बसली.

समोरचे वरचे दोन दात गेले. एक तिथंच पडला, दुसरा अर्धा राहिला, तो डॉक्टरांनी काढला. दुकानदार भला माणूस होता. त्यानं दहा वेळा माफी मागितली आणि एक लॅपटॉपची बॅग भेट दिली. मास्तर घरी आले ते ओठ सुजलेला, हातात रिकामी बॅग. पत्नीनं ओठाला बर्फ लावला, बॅगेकडे पाहिलं आणि बर्फ बदलला.

हिरडी भरून आल्यावर डॉक्टरांनी माप घेतलं आणि प्लास्टरचा जबडा नेहमीसारखा डब्यातून मास्तरांच्याच टेबलावर आला. जबड्यावरून माणूस सांगणारे मास्तर या वेळी तो नुसता फिरवून बघत राहिले.

"काय दिसतंय?" पत्नीनं विचारलं.

"चावा जरा उजवीकडे आहे," एवढंच म्हणाले.

ते दोन दात त्यांनी अकरा वेळा केले. लोकांच्या अख्ख्या कवळ्या पहिल्या फटक्यात बसवणारा माणूस! कारण क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात तोंडपट्टीवर, म्हणजे फुंकायच्या टोकावर, टेकतात. नवे दात घालून फुंकलं की पट्टी घसरायची आणि सुराऐवजी फुस्स व्हायचं. अकराव्या खेपेला सूर निघाला. कापरा होता, पण सूर होता.  मास्तर पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. क्लॅरिनेट पेटीत घालून ते तसेच, चप्पल उलटसुलट घालून, मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.

"बाई, तुमचा कॉम्प्युटर मोकळा आहे का?"

"गेले सव्वा वर्ष मोकळाच आहे तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या. त्यांनी माइक समोर ठेवला, एक बटण दाबलं आणि मान हलवली.

मास्तरांनी 'दुधवाल्याच्या आईची वरची' वाजवली. मग 'पोस्टमास्तरांची खालची'. ती अर्ध्यावर थांबली.

"काय झालं?"

"पुढचं... आठवत नाही."

दुसरी घेतली. ती सुरूच होईना. मास्तरांनी पिशवीतून वही काढली आणि भराभर पानं उलटली. दोनशे पानं गच्च भरलेली होती. कुठल्या मॉडेलची मेमरी किती, कुठला किती तापतो, कुठल्याची बॅटरी किती तास जाते, सगळं होतं. चालीची एक ओळ नव्हती. दोन वर्षांत त्यांनी एकही चाल लिहून ठेवली नव्हती, कारण त्या रेकॉर्डच व्हायच्या होत्या.

बाईंनी बटण बंद केलं आणि पाणी आणलं. मास्तर वहीकडे बघत म्हणाले, "सगळं नीट लिहिलंय हो मी."

"अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या. 

चार गुरुवार मास्तर बाईंकडे जात राहिले. त्रेपन्नांपैकी बावीस चाली मिळाल्या. एकतीस गेल्या त्या गेल्याच. पत्नीनं तिसऱ्या गुरुवारी अडगळीच्या खोलीतले पडदे उतरवले, धुतले, गिऱ्हाइकाला विकले आणि तिथं शिवणयंत्र टाकलं. मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, "तिथं फार शांतता होती. आता तिथं काम उरकतं."

त्या बावीस चाली बाईंनी नावांच्या यादीसकट नातवाला पाठवल्या आणि मग गावातही. मास्तर धास्तावले होते, कारण प्रत्येक चालीच्या मागं सतराव्या कॉम्प्युटरचा पंखा बारीक गुणगुणत होता. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लोकांना एकच पडलं होतं: आपली कुठाय? पोस्टमास्तर म्हणाले, माझी अर्धीच का? विमा एजंटच्या सासूबाईंना वाटलं, आपल्या कवळीला इतकी रडकी चाल देण्याचं कारण नव्हतं. त्यांनी घरी बोलणं टाकलं. जी माणसं मास्तरांना रस्त्यात ओळख दाखवत नव्हती, ती आता जिन्याखाली येऊन तोंड उघडून उभी राहू लागली.

परवा एक निवृत्त बस कंडक्टर आले. आवाज अजून अख्ख्या बसला पुरेल एवढा.

"मास्तर, माझी खालची सहा वर्षांपूर्वी तुम्हीच केली. तिची चाल यादीत नाही."

"होती. विसरलो," मास्तर म्हणाले. आता ते हे सरळ सांगतात.

कंडक्टरांनी थोडा विचार केला. मग पाठ फिरवली, रुमाल तोंडाशी नेला आणि वळून कवळी टेबलावर ठेवली. "घ्या. परत बघा," ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

मास्तरांनी ती धुतली, चाकावर धरली आणि मोटर सुरू केली. कानात वायर नव्हती. मान थोडी कलती करून ते ऐकत राहिले. मग हात पुसून वाजवायला लागले. चाल उड्या मारत जाणारी होती, मध्येच थांबून पुन्हा धावणारी. जुनी अशी नव्हती, हे त्यांना वाजवतानाच कळलं असावं, कारण मध्ये एकदा ते ओशाळं हसले.

"हीच!" कंडक्टर ओरडले. "हीच होती!"

"अहो, तुम्ही आधी ऐकली कुठं होती?"

"माझी मला कळणार नाही?" कंडक्टरांनी कवळी खळखळून धुतली, तोंडात बसवली, दोनदा चावून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुवारी बाईंकडे मीही येतो. अर्धी राहायला नको."