पाठ खाऊ घालणारा बेडूक

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला प्राणिशास्त्राचा सेमिनार द्यायचा होता. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे चारचौघांत उभं राहून बोलायचं कसं, हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. मी पनामाच्या जंगलातला, उंच झाडांवर राहणारा एक बेडूक निवडला. झाडाच्या ढोलीत पाणी साचतं, त्यात त्याची पिल्लं वाढतात. बाप पाण्यात बसून राहतो आणि पिल्लं त्याच्या पाठीची कातडी कुरतडून खातात. हे वाचून मी इतकी हरखले की पुढचं न वाचताच त्याची चित्रं काढत बसले. शेवटच्या पानावर कळलं, हा बेडूक आता जगात कुठेच नाही.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग वाचवेना.

रविवारी घरी ओसरीवर सराव केला. ऐकायला आई आणि अण्णा.

"बेडकं शिकायला रोज यष्टीनं पाटोद्याला जाती व्हय?" आई शेंगा फोडता फोडता म्हणाली. "आपल्या हिरीत काय कमी हायेत?"

अण्णा हसले. पण कातडीचं ऐकल्यावर म्हणाले, "बापाची पाठ खात्यात? आन् त्यो खाऊ देतो?"

"हो. पण मग त्यांच्यात रोग आला. कातडीचाच."

अण्णांचं हसू गेलं. नुकतीच आमची गाय लम्पीनं गेली होती. आधी ताप, मग अंगभर गाठी, मग उठेचना. तिची कालवड तेवढी राहिली होती. अण्णांनी तिला लांब, बांधावरच्या बाभळीखाली बांधलं होतं. पाण्याची बादलीसुद्धा वेगळी.

"मंग चांगली व्हती ती बाजूला न्हाई काढली कुनी?"

खरं सांगावं का, कळेना. "काढली होती अण्णा. रोग यायच्या आधीच काही धरून दुसरीकडं नेली, काचेच्या पेट्यांत ठेवली."

"मंग?"

"तिथंही एकेक गेली. शेवटी एकटा नर उरला. मग तोही गेला."

आईचा हात शेंगांतच थांबला. अण्णा उठले आणि बांधाकडं निघाले. मी मागोमाग गेले. आपल्या कालवडीचं तसं नाही, ती वेगळी गोष्ट आहे, असं काहीतरी सांगायचं होतं. पण मलाच ते नक्की माहीत नव्हतं.

कालवडीच्या अंगावरून हात फिरवायचं अण्णांचं रोजचंच काम. पाठ झाली, पोट झालं. मानेपाशी हात थांबला.

"बाई, हितं बघ गं."

मी बोट लावलं. केसांखाली हरभऱ्याएवढं काहीतरी घट्ट लागलं. गोचीड असेल म्हणून मी केस बाजूला केले. गोचीड नव्हती. गाठच होती.

"डॉक्टरला फोन लाव," अण्णा म्हणाले. हात मात्र त्यांनी तिच्या मानेवरच ठेवला.