मनुक्यांचा रस

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन असायचं आणि त्यात भाकरीच्या तुकड्यासोबत घोटभर घ्यायचा द्राक्षरस आई करायची. आदल्या दिवशी बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्या काळ्या मनुक्यांच्या वासानं भरून जायच्या. मनुके आणायला ती उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे जायची. तो तिला ‘चर्चवाली बाई’ म्हणायचा आणि पोत्याच्या तळातला माल कधी द्यायचा नाही. आई मनुके निवडायची, उकळायची, हातानं कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळायची. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोललेलं तिला खपत नसे.

मी तेव्हा दहावीत होते. त्या ऑक्टोबरात उकाडा असा, की सकाळचं वरण दुपारपर्यंत टिकेना. शनिवारी वांगणीला एका मयताला जायचं होतं म्हणून आईनं रस शुक्रवारीच करून ठेवला. फ्रिज कुणाकडे होता तेव्हा? रविवारी छोटे पेले बाकांवरून फिरले, लोकांनी तोंडाला लावले आणि जिभेला झिणझिण्या आल्या. रस आंबला होता. पाळकसाहेबांनी निमूट गिळला. मागच्या बाकांवर मात्र कुजबुज सुरू झाली.

रस आंबला एवढंच असतं तर मिटलं असतं. पण माझे बाबा एकेकाळी प्यायचे. बाप्तिस्मा घेतल्यापासून थेंबाला शिवले नव्हते, तरी मंडळीची स्मरणशक्ती या बाबतीत भलती पक्की. संध्याकाळपर्यंत बातमी झाली, की यांच्या घरातली बाटली देवाच्या मेजावर गेली. बाबा त्या रात्री जेवलेच नाहीत.

मंगळवारी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. सलाम झाला, प्रार्थना झाली, चहा झाला. तुम्ही फार दमता हो, थोडे महिने विश्रांती घ्या, असं गोड बोलून त्यांनी रसाचं काम काढून घेतलं. बोलता बोलता त्यांचे डोळे आमच्या फळीवरून फिरत होते. मोरीत हात धुवायला गेल्या, तेव्हा पिंपामागेही वाकून पाहिलं त्यांनी. माझं डोकं असं सणकलं! आई म्हणाली, पाणी हवंय का बाई अजून? बस, एवढंच.

तेव्हापासून मला चैन पडेना. देवळाच्या दारात कुणी हात मिळवला की वाटायचं, बातमी पसरवणारी हीच ती. कुणी हसून चौकशी केली की वाटायचं, आता घरी जाऊन सांगणार. बाबांजवळ कुणी जरा जास्त वेळ उभं राहिलं, तर वास घेताय का हो, असं विचारायला जीभ शिवशिवायची. प्रार्थनेत मी देवाशी भांडायचे. तुला तर सगळं ठाऊक आहे, मग या बायांना सांगत का नाहीस? आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्याला ठाऊक आहे ना, मग मला झोप लागते.

बदलापूरला एका इमारतीच्या तळमजल्यावर नवी प्रार्थनासभा भरू लागली होती. बाबा म्हणाले, आता तिकडेच जाऊ, इथं मान खाली घालून किती दिवस बसायचं? मी तर तिकडे घालायचे कपडेसुद्धा पेटीतून काढून ठेवले. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, तिथं काय माणसं नसतील? मग म्हणाली, तुम्हा दोघांना जायचं तर जा, मी माझी जागा सोडणार नाही. ती एकटी बसेल या विचारानं आमचंही जाणं राहिलं.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार उजाडला. रस अध्यक्षीणबाईंनी केला होता. आई नेहमीच्या बाकावर, मी तिच्याशेजारी, बाबा पलीकडे पुरुषांच्या बाजूला. ती पेला घेते की तबक पुढे सारते, हे बघायला माना वळल्या होत्या. मला ते पाठीवर जाणवत होतं. तबक आलं. आईनं पेला उचलला. मीही उचलला, पण प्यायच्या आधी नाकाशी नेला. या बाईनं कसला रस केलाय ते मला बघायचंच होतं.

आईनं माझं मनगट धरलं.

“हुंगू नकोस,” ती हळूच म्हणाली. “जेवायला त्यानं बोलावलंय ना? मग रांधलं कुणी, ते विचारत बसायचं नाही.”

डोळे मिटून ती प्याली. पलीकडे बाबांनीही पेला घेतलेला मला दिसला. मग मी प्याले. रस पाणचट होता आणि साखर नको इतकी पडली होती. आईला ते कळलं नाही असं होणारच नाही. तिनं रिकामा पेला जागेवर ठेवला आणि पुढच्या गीताचं पान काढून पुस्तक माझ्यापुढे धरलं.