फळ्यावरचं पत्र

सुवार्ताताई गेल्याचं मला त्यांच्या मुलाच्या, अभयच्या, फोनच्या आधी शेजारच्या ब्रीडाकडून कळलं. आयर्लंडात मरणाची बातमी घरच्यांच्या आधी गावाला कळते, असं मी नेहमी थट्टेनं म्हणते. त्या सकाळी ती थट्टा माझ्याच अंगावर आली. मी कचऱ्याचा डबा बाहेर ओढत होते, ब्रीडा कुंपणापाशी आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल, मेधा." इथे सांत्वन करताना असंच म्हणतात, पण मला कळेना, मला कसला त्रास आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं… आणि कळलं. अंत्यविधीला चर्चमध्येही तसंच झालं. अभयच्या शेजारी मी उभी होते, रांगेनं येणारा प्रत्येक जण त्याचा हात हलवून झाला की माझाही हलवत होता. दोघंही सावळी, दोघंही मराठी बोलत होतो, त्यामुळे मी त्यांची धाकटी बहीण असणार असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. मीही कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

सुवार्ता साळवे. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाकडच्या एका खेड्यातल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या. इथल्या नावन गावच्या इस्पितळात नर्स म्हणून आल्या, नवरा गेल्यावर एकटीनं अभयला वाढवलं, तो आता मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करतो. आमची ओळख झाली ती ल्यूकन गावातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांच्या त्या गर्दीत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई हॉलच्या स्वयंपाकघरात बाह्या वर करून पातेली घासत होती. कुणीतरी चोंबडेपणानं विचारलंच, तुम्ही ख्रिश्चन ना, मग इथे कशा? त्या मान वर न करता म्हणाल्या, "आरतीला मी उभी राहत नाही बाई, पण मराठी ऐकायला येते. फुकट कशाला ऐकू, म्हणून भांडी घासते." जाताना त्यांनी माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची बाटली ठेवली. अशी चटणी मी पुण्यातही खाल्ली नव्हती, आणि पुणेकरानं हे कबूल करणं म्हणजे काय ते जाणकारांना कळेल.

त्यांच्या छोट्या चर्चचा एक युवक गट होता. दहा-बारा आयरिश मुलंमुली, आणि त्यांच्यामागे ताई. गेल्या वर्षी जुलैत हा गट दोन आठवडे मलावीतल्या एका खेड्यात जाणार होता, शाळेच्या खोल्या रंगवायला. माझ्या मुलीची, सईची, जिवलग मैत्रीण त्या गटात, त्यामुळे सईनं हट्ट धरला. घरात खल झाला. माझ्या मनात जे होतं ते मी ताईंना फिरवून फिरवून विचारलं, की तिथे प्रार्थनाबिर्थना किती असते… त्या हसल्या. "सरळ विचार ना, पोरगी बाटेल का म्हणून. अगं, इथं तिला आठवड्यातून एकदा खोली आवरायला लावायचं तुला जमत नाही, दोन आठवड्यांत तिचा धर्म कोण बदलतंय?" मग म्हणाल्या, मुली जास्त आहेत, सोबत आणखी एक बाई हवी, तूच चल. माझी नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. समाजसेवा वगैरे मी लोकांना सांगितलं, पण खरं म्हणजे पोरीवर नजर ठेवायला गेले.

लाल मातीचं गाव, भाजक्या विटांची शाळा, आवारात एक हातपंप. मक्याचं पीठ शिजवून केलेला पांढरा गोळा आणि पालेभाजी आम्ही रोज खायचो. आमची मुलं पहिले दोन दिवस दबून होती, मग रंगाचे डबे उघडले तशी खुलली. सई शिडीवर चढून छताखालची पट्टी रंगवायची आणि खाली बारा वर्षांची एक किडकिडीत मुलगी, चिकोंडी, शिडी धरून उभी राहायची. ताई मात्र रंगाला हात लावत नव्हत्या. शाळेमागे बायका शेंगा फोडत बसायच्या, त्यांच्यात जाऊन बसायच्या. भाषा येत नव्हती, पण शेंग अंगठ्यानं दाबून दाणे सुपात टाकायचा त्यांचा वेग बघून त्या बायकांनी त्यांना पहिल्याच दिवशी आपल्यात घेतलं.

निघायच्या दोन दिवस आधी शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. गाणी झाली, नाच झाला. मग मुलं रांगेनं आली आणि प्रत्येकानं आमच्या एकेका मुलाच्या हातात घडी घातलेला कागद ठेवला. आभाराचं पत्र. सुरेख अक्षर, शुद्ध इंग्रजी. प्रिय मित्रा, तू दूरवरून आलास, आमची शाळा सुंदर केलीस, आम्ही तुझ्यासाठी रोज प्रार्थना करू. आमच्या पोरी रडायला लागल्या. माझेही डोळे भरले, लपवत नाही. मग माझं लक्ष शेजारच्या मुलाच्या कागदाकडे गेलं, त्याच्या शेजारच्याकडे गेलं. अक्षर वेगळं, मजकूर तोच, शब्दाला शब्द. मी ताईंकडे पाहिलं तर त्या कागदाकडे पाहतच नव्हत्या. त्या बघत होत्या फळ्याकडे. फळा पुसलेला होता, पण घाईनं पुसलेला, आणि खडूच्या त्या ढगाखाली 'प्रिय मित्रा' अजून वाचता येत होतं. त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. शाळेमागे सुपापाशी बसल्या होत्या, बायका घरी गेल्या होत्या. एकट्याच शेंगा फोडत होत्या. मग सांगायला लागल्या. त्या आठ वर्षांच्या असताना आईनं त्यांना बोर्डिंगात ठेवलं होतं. फी परदेशातलं कुणी कुटुंब भरायचं, प्रत्येक मुलीमागे एक. नाताळाच्या आधी बाई फळ्यावर इंग्रजी पत्र लिहायच्या आणि चाळीस मुली ते उतरवून काढायच्या. "इंग्रजी कुणाला येत होतं? वेलबुट्टी काढावी तसं काढायचो." एका वर्षी त्यांची आई आजारी होती आणि सुट्टीतही घरी जाता येणार नव्हतं. तेव्हा त्यांनी पत्राच्या खाली, मराठीत, आपल्या मनानं दोन ओळी लिहिल्या. माझी आई आजारी आहे. तुमच्याकडे बोरं असतात का?

"मग?"

"मग काय. बाईंनी कागद फाडला, दुसरा दिला, म्हणाल्या नीट लिही. बाई वाईट नव्हत्या गं. त्यांना वाटायचं, माझ्या पोरींचं कसं मोत्यासारखं अक्षर तिकडं जावं. ह्या मास्तरांनाही तेच वाटतंय." त्यांनी सुपातले दाणे पाखडले. "आई गेली त्या वर्षी. नाताळाला तिकडून छापील कार्ड आलं. आभाराचं उत्तर म्हणून आभार. मला लई वर्षं वाटायचं, तो कागद फाडला नसता तर त्यांनी कळवलं असतं… बोरं असतात का नाही ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, पण बाहेर आल्या तेव्हा दोघंही हसत होती. मग आमचा प्रत्येक मुलगा तिथल्या एकेका मुलाशेजारी बाकावर बसवला. फळा कोरा. ताई म्हणाल्या, आज आभार मानायला बंदी आहे. ज्याला जे विचारायचं असेल ते लिहून विचारा, आणि आमच्या मुलांनी महिन्याच्या आत घरून उत्तर लिहायचं, कागदावर, हातानं. टपाल मी टाकीन. पहिली दहा मिनिटं कुणाचं पेन हलेना. मग सगळा वर्ग खाली मान घालून लिहायला लागला. चिकोंडीनं सईला लिहिलं, तुझ्या दातांवर तार का लावली आहे, ती दुखते का? आणि तुमच्या घरी शेंगा कोण फोडतं?

घरी आलो. ऑगस्टच्या शेवटी चर्चच्या हॉलमध्ये पत्रं गोळा झाली. एक सोडून सगळी. सईला मी विचारलं की ती म्हणायची, "आय विल, मॅम, आय विल." इथली पोरं आईला मॅमच म्हणतात. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा ती कावून म्हणाली, "काय लिहू? की आम्ही त्या पाकिटातून आणतो, रोस्टेड, सॉल्टेड? आय डोन्ट ईव्हन नो हू डझ इट. मॉर्टिफाइंग आहे ते." पोरीला लाज वाटत होती. मला तिच्याशी बोलायला हवं होतं. पण मला नवी नोकरी लागली होती, तिची शाळा सुरू झाली होती, आणि त्या लाजेत थोडी माझीही होती, म्हणून मी तो विषय सोडून दिला. ताई भेटल्या की विचारायच्या, रागावून नाही, भाजीचा भाव विचारावा तशा. मी म्हणायचे, लिहितेय, लिहितेय.

जानेवारीत त्यांच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं, आणि फार दिवस नाहीत हे त्यांना नर्स असल्यानं डॉक्टरांच्या आधी कळलं. फेब्रुवारीच्या शेवटी मी भेटायला गेले ती शेवटची भेट. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला होता. त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी चटणी करून नेली होती, त्यांच्याच पद्धतीची. त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि म्हणाल्या, "लसूण कमी पडला." मग डोळे मिटून पडल्या. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाल्या, "सईचं पत्र गेलं का गं?"

मी म्हणाले, "हो ताई. गेलं की. मीच टाकलं."

"काय लिहिलं तिनं?"

आता खोटं बोलायलाच बसले होते, तर पुरतं बोलले. म्हणाले, "तारेबद्दल लिहिलं, शेंगांबद्दल लिहिलं. दोन पानं लिहिली."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि माझा हात थोपटला. मरणाऱ्या माणसाला दिलासा दिला, असं मी परतताना गाडीत स्वतःला समजावत राहिले. पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

गेल्या आठवड्यात अभयचा फोन आला. तो घर आवरत होता. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो, त्याला एक बिस्किटांचा डबा सापडला होता. डब्यात पत्रांचं कोरं पॅड, दोन पेनं, तिकिटं, आणि सईच्या नावाचा एक बंद लिफाफा. पाठवणारी चिकोंडी, आणि मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात, 'दुसरं पत्र, पहिल्याचं उत्तर आलं नाही'. गटातल्या सगळ्यांचं मलावीहून येणारं टपाल ताईंच्या पत्त्यावर यायचं.

"हे जानेवारीतच आलं होतं, मावशी," मी डबा आणायला गेले तेव्हा अभय म्हणाला. "तेव्हा आईनं उशीखाली ठेवलं होतं, डब्यात कधी गेलं कुणास ठाऊक. म्हणाली, मेधा आली की तिच्या हातात देईन. तुम्ही आलात, गेलात, तरी ते तिथंच. मी विचारलं तर म्हणाली, राहू दे. आत्ता दिलं तर तिला वाईट वाटेल. नंतर दे."

डबा घेऊन बाहेर आले आणि गाडीतच बसून राहिले. म्हणजे त्यांनी विचारलं तेव्हा पत्र उशीखाली होतं. त्यांना ठाऊक होतं. त्या मला खरं बोलायला जागा करून देत होत्या आणि मी दोन पानं रचून सांगितली. लहानपणी ज्यांनी परक्याच्या उत्तराची वाट पाहत वर्षं काढली, त्यांना मी फळ्यावरचं पत्र वाचून दाखवलं होतं. नीटनेटकं. मोत्यासारखं.

सईला मी सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. "यू टोल्ड हर आय डिड?" ती एवढंच म्हणाली, आणि लिफाफा घेऊन वर गेली. तासाभरानं खाली आली तेव्हा डोळे सुजले होते. पत्र माझ्यापुढे टाकलं. तू उत्तर दिलं नाहीस, चिकोंडीनं लिहिलं होतं. कदाचित माझा कागद प्रवासात हरवला असेल, म्हणून पुन्हा लिहिते. तू आजारी आहेस का? दातांची तार निघाली का? आमच्याकडे पाऊस आला, शेंगा पेरल्या. मिसेस साळवेंना सांग, माझी आजी त्यांची आठवण काढते, त्यांचे हात फार भराभर चालायचे.

सई त्या डब्यातलं पॅड घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी भांडी विसळत होते, मुद्दाम पाठ करून. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मॅम, मिसेस साळवे गेल्या हे कसं लिहू?"

"जसं झालं तसं लिही," मी म्हणाले. "आणि उशीर का झाला तेही."

"शेंगांचं पण?"

"शेंगांचं पण."

तिनं दीड पान लिहिलं. मी वाचलं नाही. नंतर तिनं एक कोरा कागद फाडून माझ्यापुढे सरकवला, त्या आजीसाठी, आणि मीही चार ओळी लिहिल्या. डबा आता आमच्या प्रेसमध्ये आहे, चटणीच्या बाटलीशेजारी. आज सकाळी सई आणि मी कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. ताई, तेव्हा पत्र गेलं नव्हतं. आज टाकलं.